वळणरस्ता आमच्या अंगणातून

आमच्या घरासमोरून रस्ता जातो. गेल्या उन्हाळ्यात काही दिवस तो घरातून जात होता.

यात रस्त्याची काही चूक नाही. ठेकेदाराची नाही आणि सरकारचीही नाही. (सरकारची चूक नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा पुन्हा एकदा वाचून घ्या.) चूक थोडी कुरडयांची होती. बाकी सगळी माझी.

कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणारा हा रस्ता. घराच्या थोडं पुढं ओढा, आणि ओढ्यावर जुनी मोरी. ती इतकी खचली होती की एसटीतले प्रवासी मोरी आली की बोलणं थांबवायचे आणि पलीकडं गेल्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचे. शेवटी एकदाचं काम निघालं. ठेकेदारानं मोरी उकरली, शेजारून ओढ्यात उतरणारा मातीचा कच्चा रस्ता काढून दिला आणि जागोजागी सामान मांडलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे ड्रम, फिती, शंकूसारख्या लाल टोप्या, बोर्ड. आमच्या गावानं एवढी सजावट जत्रेतही पाहिली नव्हती.

आता आमच्या गावाचा एक नियम आहे. कामावरच्या उभ्या वस्तूला कुणी हात लावत नाही. गाव प्रामाणिक आहे. पण वस्तू वाऱ्यानं एकदा का आडवी पडली, की ती गावाची! त्यामुळं महिनाभरात एकाच्या चुलीच्या धुराड्यावर लाल टोपी बसली, दुसऱ्याच्या मेथीच्या वाफ्याला फितीचं कुंपण लागलं, आणि एकानं तर चमकणाऱ्या पट्ट्या बैलांच्या शिंगांना चिकटवल्या. ठेकेदाराच्या मुकादमानं त्या बैलांचं तोंडभरून कौतुक केलं. पट्ट्या कुठून आल्या असतील हे त्याच्या लक्षात आलं तोवर बैल घरी गेले होते.

अशातच एका दुपारी वावटळ आली आणि ‘वळण रस्ता’ असं लिहिलेला पत्र्याचा मोठा बोर्ड आडवा झाला. आमचे हे तो खांद्यावर टाकून घरी घेऊन आले. कारण मीच त्यांच्या मागं लागले होते. आमच्या बाजेची पट्टी सैल झाली होती, आणि सैल बाजेवर घातलेल्या कुरडया मधे गोळा होऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात.

“घे, तुला सपाट पाहिजे होतं ना?” हे म्हणाले. “सरकारी सपाट हाय.”

काय सुरेख वाळल्या हो त्या कुरडया! पिवळ्याधमक बोर्डावर पांढरी फुलं, आणि मधून डोकावणारा माणसाएवढा काळा बाण. वाळल्यावर मी बोर्ड स्वच्छ घासला आणि पाणी निथळायला अंगणाच्या तोंडाशी कडुनिंबाला टेकवून ठेवला. बाण कुणीकडं आहे ते पाहिलं नाही. घासलेलं पातेलं पालथं घालताना त्याचं तोंड कुणीकडं आहे ते आपण कुठं बघतो?

बाण सरळ आमच्या अंगणात होता.

पहिला आला तो दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला. तुळशीला वळसा घालून, मिरच्यांचं वाळवण चुकवून, तो थेट गोठ्यापर्यंत गेला आणि म्हशीसमोर थांबला. म्हैस आणि तो, दोघंही एकमेकांकडं बघत राहिले.

“मावशी, रस्ता कुठाय?”

“कुठला रस्ता?”

“बोर्डावर तर इकडंच दावलंय!”

मी बोर्डाकडं पाहिलं आणि सगळा प्रकार माझ्या ध्यानात आला. शहाण्या बाईनं त्याच क्षणी उठून बोर्ड फिरवून ठेवला असता. मी विचारलं, “दूध कुणाकडं घालता? भाव काय देतात?”

इथं माझा स्वभाव सांगणं भाग आहे. मला चौकशा फार. माझी आई म्हणते, इतर लेकरं ‘आई’ म्हणून बोलायला लागतात, ही ‘का’ म्हणून लागली. आणि अशा बाईला दिलं कुठं, तर रस्त्याकडेच्या घरी! इतकी वर्षं गाड्या समोरून भुर्रकन निघून जायच्या. कोण होतं, कुठं चाललं होतं, मागच्या गोणीत काय होतं, काही म्हणता काही कळायचं नाही. जीव नुसता टांगणीला लागायचा. आणि आता तीच गाडी अंगणात येऊन उभी राहत होती. वर ती मागं घ्यायला वेळ लागायचा!

दूधवाल्यामागं कांद्याचा टेम्पो आला. मग लग्नाचं डेकोरेशन घेऊन चाललेली रिक्षा. मग एक डॉक्टर, गुरांचे. त्यांना मी म्हैस फुकटात दाखवून घेतली.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पहिल्यांदा रागावल्या. “सुमन, काढ तो बोर्ड. लोकाच्या जिवाला घोर!” पण संध्याकाळपर्यंत त्यांना तीन गावांतली बाळंतपणं, दोन भाऊबंदक्या आणि कांद्याचा भाव घरबसल्या समजला. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे एखांदा दिस. पाणी निथळू दे चांगलं.”

पाणी निथळत राहिलं.

मग एसटी आली. आम्हाला वाटलं, एवढी मोठी गाडी काही वळायची नाही. पण ड्रायव्हर नवीन होता आणि बोर्डावर त्याची श्रद्धा होती. अर्धी एसटी अंगणात आणि अर्धी रस्त्यावर! कंडक्टर मागं उभा राहून पत्रा बडवतोय, “येऊ दे, येऊ दे, थांब, तुळस हाय!” प्रवासी उतरून रांजणातलं पाणी पिताहेत. एका बाईनं तर कुरडया कशा केल्या ते विचारून घेतलं आणि ती माझ्या मावसबहिणीची जाऊ निघाली. आम्ही दोघी अगदी रंगात आलो होतो, आणि तेवढ्यात आमचे हे शेतातून आले.

त्यांनी एसटी पाहिली. बोर्ड पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

“हे कधीपासून चालू हाय?”

“आत्ताच आली,” मी म्हणाले. (एसटी आत्ताच आली होती. मी खोटं बोलत नाही.)

त्याच संध्याकाळी त्यांनी बोर्ड उचलून शेळ्यांच्या खोपीला दार म्हणून लावला. माझं अंगण पुन्हा ओस पडलं. पण त्याचं दुःख करायला वेळ नव्हता, कारण वैशूला पाहायला पाहुणे येणार होते.

वैशू म्हणजे माझी नणंद. गुणाची पोर. शिकलेली, देखणी, आणि ट्रॅक्टर असा चालवते की बघत राहावं. ह्यांची कंबर धरते म्हणून नांगरटीपासून पेरणीपर्यंत सगळं तीच बघते. पण आत्याबाईंनी ते बायोडाट्यात लिहू दिलं नाही. “लोकं म्हणतील, पोरगी हाय का ड्रायव्हर!” त्यामुळं बायोडाट्यात वैशूची आवड ‘विणकाम’ अशी होती. वैशूनं आजवर सुई हातात धरली ती फक्त पायातला काटा काढायला.

याआधी भोकरदनकडचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळत आलं होतं. पोहे झाले, चहा झाला, आणि मी मुलाच्या आईला सहज विचारलं, “तुमची मोठी सून कायम माहेरीच का असते हो?” घरात अशी शांतता पसरली की पोह्यातले शेंगदाणे चावल्याचं ऐकू यावं. पाहुणे सुपारी न घेताच उठले. वैशूला त्या स्थळाचं काही वाटलं नाही. पण हे नवं स्थळ वेगळं होतं. मुलगा जालन्यात बियाण्याच्या कंपनीत, घरची शेती, आणि त्याच्या बायोडाट्यात आवड ‘प्रवास’. वैशू त्याचा फोटो मोबाइलवर बघायची आणि कुणी आलं की मोबाइल पालथा घालायची, त्यामुळं मला तो कधी धड दिसलाच नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. डोळे भरून आले होते तिचे.

“वैनी, मला हे स्थळ लई मनातून पसंत हाय. तुमच्या पाया पडते. उद्या एक बी प्रश्न विचारू नका.”

मी तिचे हात धरले आणि देवघराकडं बघून शपथ घेतली. हे मागं उभेच होते.

“‘चहा घ्या’ एवढंच म्हणायचं,” हे म्हणाले. “‘चहा घेता का’ असं बी न्हाई. त्यो प्रश्न व्हतो.”

तेव्हापासून मी सराव सुरू केला. ‘मीठ कुठंय?’ असं तोंडात यायचं, ते गिळून मी म्हणायची, “मीठ सापडत नाही.” ‘किती वाजले?’ऐवजी “बराच वेळ झाला असावा.” जीभ आतल्या आत तडफडायची, पण मी हटले नाही.

दुसरा दिवस बाजाराचा. हे पेढे-फरसाण आणायला गेले. पाहुणे आमच्या बबनमामांच्या जीपमधून दुपारी उशिरा येणार असं ठरलं होतं; स्थळ मामांनीच आणलं होतं. आत्याबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं.

“शेळ्याच्या खोपीचं दार काढ आधी! पाहुणे म्हणतील, सरकारी बोर्डानं शेळ्या कोंडल्यात!”

मी बोर्ड काढला. आता ठेवायचा कुठं? घर झाडलेलं, ओटा सारवलेला, गोठा धुतलेला. जरा वेळापुरता म्हणून मी तो नेऊन टेकवला. कुठं, ते सांगायला नकोच. माणूस सवयीचा गुलाम असतो.

बाजारचा दिवस! रांगच लागली. पण मी काल शपथ घेतलेली बाई होते. ओट्यावरूनच हात करायची, “इकडं नाही, पुढं जा, डावीकडं, ओढ्यातून!” एक टेम्पो नुसत्या कोंबड्यांनी भरलेला आला. इतक्या कोंबड्या कुणाच्या, कुठं, कशासाठी? मी ओठ चावले आणि म्हणाले, “पुढं जा.” एका मोटारसायकलवर एक माणूस शिवणयंत्र पोटाशी धरून बसला होता. “पुढं जा.” मोहाचे असे डोंगर मी त्या दिवशी ओलांडले.

मग एक पांढरी कार अंगणात आली. पुढं एक तरुण आणि म्हातारबुवा, मागं भारी साडीतली एक बाई, मांडीवर केळीचा आख्खा घड. एवढं नटून कुठं निघाले असतील? कुणाचं काय असेल? आख्खा घड? तरुणानं काच खाली केली.

“ताई, आम्ही जालन्याहून...”

“माहीत आहे!” मी हात जोडून म्हणाले. “पुढं जा. डावीकडं वळा. ओढ्यात उतरा.”

“न्हाई, पण आम्हाला...”

“सगळ्यांनाच तिकडं जायचं आहे. जा तुम्ही. सरळ जा!”

मागच्या बाई काहीतरी म्हणाल्या. म्हातारबुवांनी मान डोलावली. गाडी मागं गेली, वळली, आणि शहाण्या लेकरासारखी ओढ्याकडं निघून गेली. मी आत जाऊन वैशूला अभिमानानं सांगितलं, “केळीचा आख्खा घड होता मांडीवर, आणि मी एक शब्द विचारला नाही!”

“वैनी, तुम्ही खरंच लई चांगल्या हात,” वैशू म्हणाली आणि तिनं मला मिठी मारली. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

थोड्याच वेळात बबनमामा आले. मोटारसायकलवर. एकटे.

“पाहुणे बसले का आत?”

“कुठले पाहुणे?” आत्याबाई म्हणाल्या. “तुमच्या जीपमंदी येणार व्हते ना?”

“जीप पंक्चर झाली. मंग ते आपल्याच गाडीनं लवकर निघाले. माझ्या म्होरंच व्हते की! पांढरी गाडी. पोराच्या आई केळीचा घड मांडीवर घिऊन बसल्यात, घरच्या बागंतला हाय म्हणून.”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी शपथ पाळून म्हणाले, “ते ओढ्यात गेले असावेत.”

मामांनी फोन लावला. ओढ्याच्या खोलगटात रेंज नसते. वैशू दारात उभी होती. हिरवी साडी, मोगऱ्याचा गजरा. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्यापेक्षा तिनं मला दोन दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एवढ्यात पलीकडच्या शेतातून कुणीतरी ओरडत आलं, “ओ, ट्रॅक्टर हाय का? पांढरी गाडी फसली वढ्यात!”

आता हेही सांगूनच टाकते. कच्च्या रस्त्यावर धूळ उडते म्हणून गावानं ठेकेदाराकडं ओरड केली होती. त्या ओरडण्यात पुढं मी होते. माझ्या कुरडयांवर धूळ बसायची. म्हणून टँकर रोज पाणी मारून जायचा, आणि बाजारचा दिवस म्हणून त्या दिवशी जरा सढळ हातानं मारलं होतं. आमची काळी माती. पाणी लागलं की ती माणसाला नात्यातल्या माणसासारखी धरून ठेवते.

हे बाजारात. मामांना ट्रॅक्टर येत नाही. वैशूनं एकदा आकाशाकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि ट्रॅक्टरवर चढली.

“अगं ए, नको!” आत्याबाई कळवळल्या. “ते पाहतील ना तुला!”

“मला पाहायलाच आलेत ना, आई?” वैशू म्हणाली आणि ट्रॅक्टर सुरू केला.

मी मागं धावले. जाऊन बघते तो काय, गाडी दारापर्यंत चिखलात, आणि तो तरुण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागून ढकलतोय. तोंडावर चिखलाचे शिंतोडे. (आवड: प्रवास.) वैशूनं ट्रॅक्टर अल्लद मागं घेतला, साखळी टाकली आणि त्याला म्हणाली, “गाडी न्यूट्रलला टाका. आन् मागं कुणी थांबू नका.”

“बरं,” तो म्हणाला.

हे त्या दोघांचं पहिलं बोलणं. माझ्या माहितीप्रमाणे तो अजूनही तेच म्हणतो.

गाडी एका झटक्यात बाहेर आली. म्हातारबुवांनी वैशूला आपादमस्तक न्याहाळलं. “तू कोणाची ग बाई?” वैशूनं घराकडं बोट दाखवलं. म्हातारबुवांनी घराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा घराकडं.

तासाभरानं सगळे आमच्या बैठकीत बसले होते. मुलगा ह्यांच्या लुंगीत. हे नुकतेच पेढे घेऊन आलेले, आणि आपली लुंगी कुणाच्या अंगावर आहे ते त्यांना उमगत नव्हतं. मी ट्रे पुढं केला आणि म्हणाले, “चहा घ्या.” त्यानंतर भिंतीला टेकून उभी राहिले ती तोंडात मिठाची गुळणी धरून.

“ट्रॅक्टर कधीपासून चालवती?” म्हातारबुवांनी विचारलं.

“दहावी झाल्यापासून,” वैशू म्हणाली.

“बायोडाट्यात तर विणकाम लिव्हलंय.”

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या लेखी सोयरीक मोडली होती.

“आमच्या बी घरी ट्रॅक्टर हाय,” म्हातारबुवा म्हणाले आणि मुलाकडं नजर टाकली. “चालवायला कुणी न्हाई.”

वैशूनं मान खाली घातली. हसू लपवायला, हे मला भिंतीपाशीसुद्धा दिसलं. पण मुलाच्या आई अजून काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळल्या.

“मला ना, तुमची ही सूनबाई लई आवडली,” त्या आत्याबाईंना म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, पोरीकडच्यांनीच वाट दावायला माणूस उभं केलंय, घर म्होरंच असंल. पण अंगणात परकी गाडी आली, आन् बाईनं कोण, कुठले, कशापायी, एका शब्दानं इचारलं न्हाई! आजकाल अशी मोजकं बोलणारी बाई कुठं बघायला भेटती? ज्या घराची सून अशी, त्या घराची लेक कशी असंल!”

ह्यांना पेढा लागला. मामांनी त्यांची पाठ चोळली. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. पाहुण्यांना वाटलं, लेक जाणार म्हणून भरून आलं. मी मान खाली घालून उभी राहिले. एवढी अब्रू मला आयुष्यात मिळाली नव्हती आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

सोयरीक जमली. पण लग्न होईपर्यंत मला तो लौकिक सांभाळावा लागला! साखरपुडा, बस्ता, सगळीकडं मी मूग गिळून. अखेर अक्षता पडल्या, वैशू हसत-रडत सासरी निघाली, आणि गाडीचं दार बंद होता होता मी विहीणबाईंना गाठलं. “त्या दिवशीचा घड घरी येईपर्यंत अर्धा कसा झाला हो? चिखलात कुणी खाल्ली केळी? आणि बाग कुठल्या विहिरीवर? तुमचे मोठे दीर लग्नात दिसले नाहीत ते का?”

विहीणबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग वैशूला हळूच म्हणाल्या, “ह्या बोलतात?”

आता मोरी झाली आहे. रस्ता काळाभोर, सरळ. मुकादम येऊन आपला बोर्डसुद्धा घेऊन गेला. (जाताना त्याच्या घरी कोण कोण असतं ते मी विचारून घेतलं.) गाड्या पुन्हा समोरून भुर्रकन जातात. कच्चा रस्ता आता कुणी वापरत नाही, गवत उगवलंय त्याच्यावर. फक्त वैशूला माहेरी सोडायला विहीणबाई येतात, तेव्हा त्यांची पांढरी गाडी, मी ओट्यावर दिसले की, न थांबता पुढं जाते, ओढ्यात उतरते, आणि त्या मागच्या दारानं घरात येतात.